शेवटच्या नळाचा पहिला घोट

आमच्या पिंजार गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं, त्यामुळे आमचा आठवडाच पाच दिवसांचा आहे. कुणाकडे बारसं असो, मुलगी बघायला पाहुणे येणार असोत, पहिला प्रश्न हाच की त्या दिवशी पाणी आहे का. लातूरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही, बाकीच्यांनी खुशाल वाटून घ्यावं. आणि पाणी येणार म्हणजे फारूकभाई येणार. अंगात खाकी शर्ट, पायात टायरची चप्पल, खांद्यावर पुरुषभर लांबीची लोखंडी चावी. चावी पाणी खात्याची, पण तिची मूठ त्यांच्या हातांनी इतकी गुळगुळीत झाली आहे की ती दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर मला बघवणार नाही.

सव्वीस वर्षं ते आमच्या भागाला पाणी सोडतायत. गल्लीच्या तोंडाशी चेंबर आहे. त्याचं झाकण उचलायचं, चावी आत घालायची आणि फिरवायची, पूर्ण बावीस फेरे. पण फारूकभाई आधी अकराच देतात आणि थांबतात. एकदम सोडलं की जुना पाइप दणके खातो, असं त्यांचं म्हणणं. मग चावी बाहेर काढून तिचं एक टोक रस्त्यावर टेकवतात, दुसऱ्या टोकाला कान लावतात आणि डोळे मिटून घेतात. जमिनीखाली पाणी कुठं गळत असेल तर त्यांना ते ऐकू येतं.

"फारूकभाई, रस्त्याची नाडी काय म्हणून राहिली?" मी माझ्या पिठाच्या गिरणीतून ओरडायचे.

"थोडी कणकण हाय, बाई," ते कान न काढता म्हणायचे. "उद्या सुई द्यावी लागंल."

आणि दुसऱ्या दिवशी तिथं खोदलं की फुटका जोड निघायचाच. कार्यालयात आमच्या गल्लीच्या पाइपांचा नकाशा नाही. नवीन साहेब आले की फारूकभाईंनाच गाडीवर मागे बसवून फिरतात.

गल्लीतला सगळ्यात शेवटचा नळ त्यांच्याच दारातला. पाणी तिथवर पोचलं की पहिली पाच मिनिटं ते गटारीत जाऊ देतात. मग त्यांची बायको, शहजादीभाभी, स्टीलचा पेला पुढं करते. फारूकभाई पेला भरून उजेडात धरतात, वास घेतात, खाली बसतात आणि तीन घोटांत पितात. मग हात वर करून म्हणतात, "भरा." तोवर कुणीही हंडा नळाखाली लावत नाही. फार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात पाण्याला वास आला होता, तेव्हा बायकांनी त्यांना घेरून 'आधी तू पिऊन दाखव' असं सुनावलं होतं. त्यांनी पिऊन दाखवलं, आणि तेव्हापासून कुणी न सांगता दर पाण्याला पीत राहिले. त्यांच्या घरात पाणी कधी उकळलं जात नव्हतं. ज्यानं गल्लीला पाणी सोडायचं त्यानंच घरी उकळून प्यायचं म्हणजे लोकांनी काय समजायचं, असं ते म्हणायचे. मला त्यांचा हा ताठा आवडायचा.

मी मात्र जारचं पाणी प्यायचे. मी आरती. गल्लीच्या मधोमध पिठाची गिरणी आहे ती माझी. नवरा गेल्यापासून एकटी चालवते. चौदा वर्षं जात्याच्या घरघरीत ओरडून बोलल्यावर माणसाचा आवाज आणि स्वभाव दोन्ही तसेच होऊन बसतात. पिठानं घसा धरतो म्हणून जारचं गार पाणी लागतं, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. नळाच्या पाण्यावर माझा भरवसा नव्हता. भांडी आणि आंघोळ नळाच्या पाण्यानं, पिण्याला जार.

आता त्या खड्ड्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते साल आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर नळ पुन्हा सुरू झाले, पण पाण्याला जोर नव्हता. माझा नळ जमिनीपासून हातभर वर, त्यातून नुसती हवा फुसफुसायची. दारात खड्डा खोदून नळ खाली नेला की पाणी पडायचं. बऱ्याच जणांनी तसं केलं होतं. मी फारूकभाईंच्या मागे लागले.

"नळ जमिनीच्या वरच पायजे, बाई," ते म्हणाले. "खड्ड्यात घाण साचती. पाणी गेलं की पाइप रिकामा व्हतो, आन् रिकामा पाइप उलटा वढतो. खड्ड्यात जे असंल ते आत."

"मग मी काय पाण्याविना मरू?"

तीन पाण्यांना मी त्यांच्याशी भांडले. चौथ्या वेळी रडले. भांडणाला ते बधले नव्हते, रडण्याला बधले. स्वतः टिकाव घेऊन कमरेइतका खड्डा खोदून दिला, तळाला पाइपाचं तोंड काढलं आणि त्यावर फिरवून बसवायचं पितळी बूच आणून दिलं. "पाणी गेलं की आधी बूच, मंग बाकीचं काम. इसरायचं न्हाई." मी हो म्हटलं. स्वतःच्या दारात मात्र त्यांनी कधी खड्डा केला नाही. शेवटचा नळ, तोही उंचावर. करंगळीएवढ्या धारेखाली शहजादीभाभी तासभर बसून राहायची.

सात वर्षं मी नेमानं बूच लावलं. मग पाणी ओढायला मोटार घेतली. दर पाण्याला खड्ड्यात वाकायचं, बूच काढायचं, मोटारीचा पाइप जोडायचा, परत सोडवायचा, परत बूच. कंबर बोलायला लागली. म्हणून मी मोटारीचा पाइप नळाच्या तोंडाला कायमचा बसवून टाकला. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळली, खड्ड्यावर शहाबादी फरशी टाकली आणि फरशीवर दळणाचे डबे ठेवायला लागले. बूच गिरणीत एका खिळ्याला अडकवलं. त्यावर पीठ बसत गेलं, ते भिंतीसारखं पांढरं झालं आणि मला दिसेनासं झालं.

गेल्या वर्षी आषाढात फारूकभाई नांदेडहून लेकीला घेऊन आले. अर्शी त्यांची एकुलती एक. जावई मुनीबचं तिकडं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सासरचे म्हणत होते, नांदेडला दवाखाने मोठे आहेत, इथंच राहू द्या. फारूकभाईंनी ऐकलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांच्यात आहे आणि आमच्यातही. सातवा लागला तसे गाडी करून गेले आणि गाडीत तिच्या पाठीशी तीन उशा लावून तिला घेऊन आले. आल्यावर दोन दिवस त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

अर्शी लहानपणापासून माझ्या गिरणीत यायची. आता पोट सांभाळत हळूहळू यायची आणि नुकत्याच दळलेल्या ज्वारीच्या पिठात हात घालून उभी राहायची.

"मावशी, ह्या वासानं लई बरं वाटून राहिलं," ती म्हणायची. "तिकडं पाकिटातलं पीठ. त्याला वासच न्हाई."

"पिठाचे डोहाळे लागलेली पोर पहिल्यांदाच बघते मी," मी म्हणायचे. "तुझं लेकरू गिरणीवालं होणार बघ."

ती हसायची. तिला ऊब लागावी म्हणून मी मुद्दाम दळण तिच्या वेळेला घालायचे. तिच्या घरी ती रोज कुठलं पाणी पिते हे मला माहीत होतं. त्याचा मी कधी विचार केला नाही.

कुणाच्या घरी काय चाललंय ते मला डब्यांवरून कळतं. घरात माणूस पडलं की दळण येत नाही, आणि आधी आलेलं कुणी न्यायला येत नाही. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या फरशीवर पाच डबे तसेच पडून होते. त्यातला एक नागाबाईचा. नागाबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई, नातू गोलूला घेऊन राहते. एवढी वक्तशीर बाई चार दिवस डबा नेत नाही म्हणजे काय, म्हणून मी तणतणत तिच्या घरी गेले. गोलू अंथरुणावर होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि माझी तणतण तिथंच संपली. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"चार दिस झालं, काई जेवत न्हाई," नागाबाई म्हणाली. "वकून राहिला निस्ता. लघवी बी पिवळीधमक."

बाकीच्या चार डब्यांच्या घरी गेले. चारही घरांत तेच.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातली आशाताई, ज्ञानेश्वरी, पेटी घेऊन आली. नेमका पाण्याचा दिवस होता. तिनं काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. चेंबरपाशी पाणी पिवळं झालं. वरच्या चार घरांतही झालं. मग मधली सहा घरं सोडून ती शेवटच्या टोकाला गेली, आणि तिथं थेंबांवर थेंब टाकले तरी पाणी होतं तसंच राहिलं. पाण्यात पिवळं हवं होतं तिथं नव्हतं, आणि लेकरांच्या डोळ्यांत नको तिथं उतरलं होतं. मधल्या सहा घरांत तपासायला गेली तोवर पाणी गेलं होतं. त्या सहांत माझी गिरणी.

"मधी कुठंतरी घाण मिसळून राहिली," ज्ञानेश्वरी म्हणाली. "सगळ्यांनी पाणी उकळूनच प्या. आन् गल्लीत कुणी पोटुशी असंल तर तिला लई जपा. ह्या काविळीत बाकीचे उठून बसतात, पोटुशी बाई जिवानिशी जाती."

फारूकभाई चावी धरून उभे होते. ते चेंबरच्या कडेवर बसले. त्या दुपारी शहजादीभाभीच्या चुलीवर पातेलंभर पाणी उकळायला बसलं. माझ्या माहितीत त्या घरात ते पहिल्यांदाच.

पुढच्या पाण्याला त्यांनी चावी फिरवलीच नाही. टँकर मागवले. टँकरवर हाणामाऱ्या झाल्या, पोरीबाळी घसरून पडल्या, आणि लोक फारूकभाईंना वाट्टेल ते बोलले. ते रस्त्याला कान लावून फिरत होते. भर दुपारी, भुरभुर पावसात, रिक्षांचे हॉर्न वाजत असताना दहा-दहा पावलांवर चावी टेकवायची, कान लावायचा, पुढं सरकायचं. तीन ठिकाणी खोदलं. एक गंजलेला जोड सापडला, तो बदलला. पण त्यांचं समाधान होत नव्हतं. गळणाऱ्या जोडाचा जेवढा आवाज यायला हवा तेवढा तो येत नव्हता म्हणे. मग ते घरोघरचे खड्डे बघायला लागले.

माझ्या दारात आले तेव्हा पोळा तोंडावर होता. दळणाला रांग, गिरणी सकाळपासून सुरू, माझे हात कोपरापर्यंत पिठात. खड्ड्याच्या फरशीवर अकरा डबे.

"बाई, खड्डा बघू द्या जरा."

"आत्ता? हे डबे कोण उचलणार?"

"बूच हाय ना लावलेलं?"

"आहे हो!"

"बघून घेतो एकदा."

"माझ्यावर भरवसा नाही का?" मी ओरडले. रांगेतली सात-आठ माणसं बघत होती. "अख्ख्या गल्लीत नेमानं बूच लावणारी मी एकटी. बाकीच्यांचे बघा आधी!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दमले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "तुमच्यावर न्हाई तर कुणावर ठिवू," म्हणाले आणि पुढच्या घराकडे गेले.

मी का खोटं बोलले याचं मोठं कारण मला आजही सापडत नाही. डबे उचलायचा कंटाळा होता. चारचौघांत चूक निघायची लाज होती. आणि मनात असं होतं की संध्याकाळी गर्दी ओसरली की उतरून बूच लावून टाकू, म्हणजे खोटंही खरं होईल. संध्याकाळी लाइट गेली. दुसऱ्या दिवशी पोळा होता. तिसऱ्या दिवशी मी विसरले.

जोड बदलला होता, पाइपात ब्लिचिंग पावडर सोडली होती. वरून साहेब म्हणाले, पाणी सोडा. लोक तर कधीचे ओरडत होते. फारूकभाईंनी अकरा फेरे दिले, कान लावला, शेवटच्या नळावर बसून तीन घोट घेतले आणि म्हणाले, "भरा. पण उकळा." हे 'पण' त्यांच्या तोंडून सव्वीस वर्षांत गल्लीनं ऐकलं नव्हतं. अशी दोन पाणी झाली. गोलू उठून फिरायला लागला, नागाबाईनं डबा नेला. मला वाटलं, टळलं.

मग एका दुपारी मी अर्शीच्या वेळेला मुद्दाम ज्वारी घातली आणि ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वाटीत गरम पीठ घेऊन मीच गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. वाटी बघून तिनं पदर नाकाला लावला.

"मावशी, तो वास नको वाटून राहिला."

मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. शहजादीभाभी मागून म्हणत होती, "आठव्या महिन्यात व्हतं असं, अन्न नको होतं." डोळ्यांत पिवळं दिसत होतं.

तासाभरात फारूकभाईंनी तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त बघून मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. नांदेडहून मुनीबचा फोनावर फोन, की इकडंच आणा, सगळी सोय केली आहे. संध्याकाळच्या आत गाडी दारात आली. त्याच गाडीत त्याच तीन उशा. फारूकभाई पुढं बसायच्या आधी माझ्यापाशी थांबले.

"डॉक्टर म्हनले, हे आज-कालचं न्हाई. चार-पाच आठवडं झालं, तवाच पोटात गेलं. आपण उकळायला लागलो त्याच्या आधी." त्यांनी गाडीचं दार धरलं. "मीच पाजलं, बाई. सगळ्यांनी उकळलं असतं तरी मी घरात उकळू देत न्हवतो."

गाडी गेली. मी तिथंच उभी राहून बोटांवर दिवस मोजले. बूच आहे असं मी खोटं बोलले त्याला सोळा दिवस झाले होते. म्हणजे ते त्याच्या आधीच तिच्या पोटात गेलेलं. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण क्षणभर खरंच बरं वाटलं. मग लक्षात आलं की खोटं सोळा दिवसांचं, खिळ्यावरचं बूच दोन वर्षांचं.

मी गिरणी बंद केली. फरशीवरचे डबे उतरवले, पहार घालून फरशी सरकवली. आत काळं पाणी होतं, वरून वीतभर खाली. शेजारच्या गटारीचं पाणी विटांच्या फटीतून हळूहळू झिरपत होतं. मी पालथी पडून पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला. जोड पाण्याच्या तळाशी. ट्यूबची पट्टी बोट लावताच चिखलासारखी सुटून हातात आली. मी दोनदा ओकले. मग उठून गिरणीत गेले, खिळ्यावरचं बूच काढलं आणि परत येऊन ते जसं बसेल तसं बसवायला लागले. काळ्या पाण्याखाली पाइपाचं तोंड दिसत नव्हतं, आटे बसेनात. शेवटी बूच तसंच मुठीत धरून मी पायरीवर बसले.

तिसऱ्या दिवशी शहजादीभाभीला लेकीपाशी ठेवून फारूकभाई एकटे परत आले. पाण्याची पाळी तोंडावर, आणि आमच्या भागाच्या चाव्या दुसऱ्या कुणाला कळत नाहीत, म्हणून साहेबांनी बोलावून घेतलं होतं. अर्शी शुद्धीत नव्हती. मी त्यांच्या उंबऱ्यावर बूच ठेवलं.

"हे खिळ्याला होतं," मी म्हटलं. "दोन वर्षं. मी खोटं बोलले."

त्यांनी बूच उचललं. अंगठ्यानं त्यावरचं पीठ पुसत राहिले, आतल्या आट्यांतलंसुद्धा. मी ओरडा खायची वाट बघत होते. त्यांनी मारलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

"तुमच्या दारात मी दोनदा कान लावला व्हता," ते शेवटी म्हणाले. "काईच आवाज न्हवता. गळून राहिलं असतं तर मला ऐकू आलं असतं. हे गळत न्हवतं, बाई. हे पिऊन राहिलं व्हतं. सव्वीस वर्षं मी निस्तं गळणंच ऐकत राहिलो."

"मी घरोघर सांगते," मी म्हटलं.

"खड्डा मीच खोदला."

"तुम्ही नको म्हणत होता."

"पण खोदला मीच ना?"

सकाळी त्यांनी माझा नळ तोडला, खड्डा उपसला, मुरूम घालून बुजवला, वर सिमेंट ओतलं आणि नळाचं तोंड जमिनीच्या वर हातभर उंच काढून दिलं. कुणी विचारलं तर म्हणत होते, जोड खराब व्हता. गल्लीनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. नागाबाई माझ्या गिरणीत उभी राहून म्हणाली, "सोताच्या लेकीला घाण पाजली त्यानं, तिथं आपलं काय. कशाला पगार घेतो?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. सांगते म्हणाले होते, आणि माझं एवढं मोठं तोंड. त्यातून शब्द निघाला नाही. मी जात्यात ज्वारी ओतत राहिले. एक दिवस गेला, दुसराही गेला.

पाण्याच्या दिवशी सकाळी नांदेडहून फोन आला. अर्शीला मुलगी झाली होती, महिनाभर आधी, मूठभर जीव. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. अर्शीचं अजून सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणत होते. हे मला फारूकभाईंनी चेंबरचं झाकण उचलता उचलता सांगितलं, खाली बघून. मग चावी घालून अकरा फेरे दिले.

शेवटच्या नळापाशी गल्ली जमली होती. त्यांच्या दाराला कुलूप होतं, पेला धरायला शहजादीभाभी नव्हती. ज्ञानेश्वरीनं थेंब टाकून बघितले, पाणी पिवळं झालं. तरी कुणी हंडा पुढं सरकवेना.

"आधी तू पी, फारूक," नागाबाई म्हणाली.

त्यांनी पेला विसळला, भरला, उजेडात धरला, वास घेतला. पण खाली बसले नाहीत. भरला पेला दोन्ही हातांनी धरून माझ्यापर्यंत चालत आले.

"आज तुम्ही प्या, आरतीबाई."

"त्या तर जार पितात!" मागून कुणीतरी हसलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मी महिनाभर तेच पिऊन 'भरा' म्हनलो," ते हळू आवाजात म्हणाले. "आता माझ्या जिभंवर माझाच इस्वास न्हाई."

मी पेला घेतला. पाणी स्वच्छ दिसत होतं. तेव्हाही ते स्वच्छच दिसत असणार. गिरणी सुरू असताना बोलते त्या आवाजात मी म्हणाले, "खड्डा माझा होता. बूच मी काढलं होतं. यांनी विचारलं तेव्हा मी लावलंय म्हणून खोटं सांगितलं. गोलूला, तुमच्या लेकरांना, अर्शीला, सगळ्यांना माझ्या खड्ड्यातलं गेलं." मग ते बसायचे तशी खाली बसले आणि तीन घोटांत प्यायले. किती वर्षांनी नळाचं पाणी प्याले कुणास ठाऊक. जिभेला औषधासारखं लागलं.

नागाबाईनं गोलूला जवळ ओढून घेतलं. सगळे हंडे घेऊन माझ्याकडे बघत होते, कारण आता 'भरा' मी म्हणायचं होतं, आणि तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

तेवढ्यात फारूकभाईंच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि डोळे मिटून घेतले, चावीला कान लावल्यावर मिटतात तसे. पलीकडे शहजादीभाभी होती. तिचं रडणं आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं, पण ते कशाचं रडणं ते कळत नव्हतं. मी पेला हातात धरून बसून होते.

"आँखें खोली?" फारूकभाईंनी विचारलं. मग बराच वेळ ऐकत राहिले. मग फोन गच्च धरून, सगळ्या गल्लीदेखत, आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढ्या मोठ्यानं ओरडले.

"पानी मांगी? उबालके देना, शहजादी! उबालके, ठंडा करके!"